निवासी डॉक्टरांच्या झोपेची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी : वैद्यकीय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, वैद्यकीय शिक्षण,
तसेच राज्यातील सर्व शासकीय व महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि विभागप्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

मी राज्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र शिकवते. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवर तासन्तास नजर ठेवणे हे आमच्या शाखेचे मुख्य काम असल्यामुळे, थकलेल्या माणसाचे लक्ष रात्री केव्हा आणि कसे ढळते हे आम्हाला फार जवळून दिसते. त्याच अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे : निवासी डॉक्टरांची, म्हणजे मुख्यतः रुग्णालयात काम करता करता पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांची, झोप हा ज्याचा-त्याचा खासगी प्रश्न न मानता, प्राणवायूचा पुरवठा किंवा रक्तपेढीतला साठा यांची जशी रुग्णालय तरतूद करते, मोजदाद ठेवते आणि कमतरता पडल्यास उत्तर देते, तशीच तरतूद, मोजदाद आणि उत्तरदायित्व या बाबतीतही रुग्णालयाच्या प्रशासनाने स्वीकारावे.

नियम नाहीत म्हणून हे अडले आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी जी योजना लागू केली, तिच्यात सलग काम एरवी बारा तासांपेक्षा जास्त असू नये, कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी आठवड्याला साधारणपणे ४८ तास काम करावे आणि त्यांना आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे स्पष्ट लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक विनियमांत कामाचे तास वाजवी असावेत आणि दिवसात विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, एवढेच म्हटले आहे. आकडा दिलेला नाही. तो आकडा आयोगाने नेमलेल्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ च्या अहवालात दिला : आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, सलग २४ तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. म्हणजे बत्तीस वर्षांत कागदावरची मर्यादाच ४८ वरून ७४ वर गेली, आणि अनेक विभागांत तीही पाळली जात नाही. कारखान्यातील प्रौढ कामगाराला १९४८ च्या कायद्याने आणि एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्याला १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्या काळीच दिली होती. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा किमान कालावधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या सुधारित नियमांत ३६ तासांवरून ४८ तासांवर नेला. या सर्व नियमांच्या मुळाशी कामगाराच्या कल्याणाबरोबरच त्याच्या हातून इतरांच्या जिवाला होणारा धोका टाळण्याचा विचार आहे. तो विचार अतिदक्षता विभागाच्या दाराशी येऊन का थांबावा, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही परिपत्रकात सापडलेले नाही.

प्रत्यक्ष वॉर्डात काय घडते ते मंत्रालयातून दिसणे अवघड आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, स्त्रीरोग व प्रसूती या विभागांतल्या प्रत्येक युनिटला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इमर्जन्सी असते. त्या दिवशी सकाळी आठला कामावर आलेला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्याला सगळे जेआर-वन म्हणतात, दिवसभर कॅज्युअल्टीतून येणारे रुग्ण भरती करून घेतो, रात्रभर घेत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याची सुटका होत नाही, कारण रात्रीत आलेल्या सगळ्या रुग्णांची खडानखडा माहिती एकट्या त्याच्याच डोक्यात असते. साडेआठला राउंड सुरू होतो. तो संपेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात. मग सोनोग्राफीची वेळ मिळवणे, दुसऱ्या विभागाचे मत आणणे, राहिलेले रिपोर्ट गोळा करणे, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांचे, कागद पूर्ण करणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे, अशा कामांत संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी पुन्हा राउंड असतोच. अशा रीतीने छत्तीस तास भरतात, परंतु ते कोणत्याही ड्युटी लिस्टवर लिहिलेले नसतात. लिस्टवर फक्त इमर्जन्सीचा दिवस असतो. त्यानंतरचा दिवस, ज्याला सगळे पोस्ट-इमर्जन्सी म्हणतात, कागदोपत्री चारचौघांसारखा कामाचा दिवस असतो. म्हणून अधिष्ठाता कार्यालयात एखादी माहिती मागवली गेली की नियमात बसणारे उत्तर पाठवता येते, आणि ते पाठवणाऱ्या लिपिकाचा त्यात काही दोषही नसतो.

या छत्तीस तासांतला बराच वेळ ज्या कामांत जातो, त्यांना एमबीबीएसच्या पदवीची गरज नसते. वॉर्डातले मामा आणि मावशी, म्हणजे कक्षसेवक, संख्येने कमी पडतात, रात्री तर एखादेच असतात, त्यामुळे रक्ताचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत नेणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, सीटी स्कॅनसाठी रुग्णाची ट्रॉली ढकलत नेणे आणि तिथे नंबर लागेपर्यंत उभे राहणे हे सगळे जेआर-वनच करतो. रात्री तीन वाजता ट्रॉली ढकलणारा तरुण डॉक्टर पाहून त्याच्या निष्ठेचे कौतुक करावेसे वाटते, आणि मलाही ते वाटते. पण त्या अर्ध्या तासात त्याला आडवे होता आले असते, तर पहाटे पाच वाजता आलेल्या हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी त्याने अधिक ताज्या डोळ्यांनी पाहिला असता, हेही तितकेच खरे आहे.

जागरणाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हा आता मतभेदाचा विषय राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी, आणि चोवीस तासांनंतर सुमारे ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ०.०३ टक्क्यांपेक्षा, जास्त मद्य आढळले तर वाहन चालवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सकाळी सातला उठलेल्या निवासी डॉक्टरचे सतरा तास रात्री बाराला पूर्ण होतात. त्यानंतर त्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली देणे जिथे धोक्याचे, तिथे आपण त्याच्या हातात गळ्याच्या शिरेत घालायची सुई देतो, व्हेंटिलेटरची बटणे देतो आणि नवजात बालकाच्या औषधाची मात्रा काढायला सांगतो.

सवय झाली की जमते, असे आमच्या पिढीतले अनेक अध्यापक मनापासून मानतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या समजुतीच्या थेट विरुद्ध जातो. चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्या निरोगी माणसांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला पोहोचली. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की त्यांना स्वतःला मात्र काही दिवसांनंतर फारशी झोप येत आहे असे वाटत नव्हते. आपण किती थकलो आहोत हे ओळखण्याची क्षमताच झोपेच्या अभावी मंदावते. त्यामुळे ‘थकला असशील तर सांग’ असे ज्युनियरला म्हणणारे वरिष्ठ कितीही सहृदय असले, तरी निर्णय थकलेल्या माणसावर सोडण्यात अर्थ नाही. तो ड्युटी लिस्टनेच आधी करून ठेवायला हवा.

शस्त्रक्रियागृहातले एक उदाहरण देते. पहाटे चार वाजता तातडीचे सिझेरियन येते. पाठीत भूल दिल्यावर आईचा रक्तदाब खाली येतो, तो सावरण्यासाठी फेनिलेफ्रिन हे औषध लागते. त्याच्या ॲम्प्यूलमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि द्यायचे असते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणून ते सलाइनमध्ये, बहुधा दोन टप्प्यांत, पातळ करून घ्यावे लागते. दुपारी हे काम करणारा विद्यार्थी सिरिंज भरतो, लगेच तिच्यावर नाव आणि मात्रेची पट्टी चिकटवतो आणि ट्रेमध्ये ठेवतो. पहाटे चारला तोच विद्यार्थी पहिल्या टप्प्यानंतर थांबतो, सिरिंज प्रकाशात धरून पाहतो; दुसरे पातळ करणे झाले की राहिले हे त्याला आठवत नाही, आणि पट्टी लावायची राहून गेलेली असते. सिरिंजमधले पाणी दोन्ही वेळी सारखेच नितळ दिसते. अशी शंका आली की सिरिंज फेकून नव्याने भरायची, हे आम्ही शिकवतो आणि विद्यार्थी ते पाळतात. पण शंका येण्यासाठी सुद्धा मेंदू पुरेसा जागा असावा लागतो. पहाटे तीन ते पाच या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा दिवसातल्या सर्वात खालच्या पातळीवर असतो. नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे सर्वात कमी अनुभवाचा आणि सर्वात जास्त वेळ जागा असलेला डॉक्टर कामावर असतो.

अमेरिकेतील बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात ख्रिस्तोफर लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत चोवीस तास किंवा त्याहून लांब ड्युटीच्या जुन्या पद्धतीत इंटर्न डॉक्टरांच्या हातून झालेल्या गंभीर चुका, लांब ड्युटी काढून टाकलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत ३६ टक्के जास्त आढळल्या. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लांब ड्युटी करून घरी जाणाऱ्या इंटर्नचा वाहन अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. आपल्याकडे पोस्ट-इमर्जन्सीच्या रात्री दुचाकीवरून खोलीवर जाणारी मुले-मुली रोज पाहते, तेव्हा मला हा दुसरा आकडा अधिक छळतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही, कारण विभागाकडे येणारे आक्षेप तिच्यावरच उभे असतात. अमेरिकेत सर्जरीच्या निवासी डॉक्टरांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पाळीच्या लांबीचे नियम सैल केल्याने रुग्णांचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत वाढली नाही. हा निष्कर्ष आमच्या काही सहकाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतो. मात्र त्या चाचणीतल्या दोन्ही गटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी लागू होती, हे सांगायचे राहून जाते. त्याहून अधिक शिकण्यासारखा निष्कर्ष २०२० मधला आहे. सहा बाल अतिदक्षता विभागांत लांब पाळ्या रद्द केल्यावर चुका कमी होण्याऐवजी वाढल्या. कारण शोधले तेव्हा असे दिसले की पाळ्या लहान करताना माणसे वाढवली गेली नव्हती आणि प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला अधिक रुग्ण आले होते. म्हणून मी नुसती तासांची मर्यादा मागत नाही. तास कमी करून रुग्णसंख्या तेवढीच आणि माणसेही तेवढीच ठेवली, तर आजचे जेआर-वनचे ओझे उद्या जेआर-टूच्या आणि परिचारिकांच्या खांद्यावर जाईल आणि वर्षभरात सगळे पूर्ववत होईल.

सेवा खंडित होते, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे रुग्ण देताना माहिती गळते, हा आक्षेपही मोलाचा आहे. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांत ठरलेल्या साच्यात तोंडी व लेखी हँडओव्हर देण्याची आय-पास ही पद्धत बसवल्यानंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत हँडओव्हर म्हणजे जिन्यात गाठ पडल्यावर सांगितलेली दोन वाक्ये, किंवा युनिटच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला संदेश. सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन्ही वेळी अर्धा तास फक्त हँडओव्हरसाठी राखावा, तो ड्युटीच्या वेळेत धरावा, अध्यापक किंवा वरिष्ठ निवासी डॉक्टर तिथे हजर असावा आणि त्याची एक पानी नोंद केस पेपरला जोडावी. असे झाले तर रात्रभर जागलेला डॉक्टर ‘माझ्याशिवाय माझे रुग्ण कोणाला माहीत नाहीत’ या एका कारणासाठी अडकून पडणार नाही.

‘आम्हीही असेच शिकलो’ हे वाक्य मी अतिशय आदराने ऐकते, कारण ते म्हणणाऱ्या शिक्षकांनीच मला हा व्यवसाय शिकवला. रात्री रुग्णाजवळ थांबल्याशिवाय आजार कसा वळण घेतो हे कळत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण शिकलेले पक्के होते ते झोपेत. दिवसभरातल्या अनुभवांची स्मृतीत मांडणी करण्याचे काम मेंदू गाढ झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेत करतो. छत्तीसाव्या तासाला घातलेल्या सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीतून, विद्यार्थी हात कसा चालवायचा ते थोडेफार शिकेल, पण त्या रात्री पाहिलेल्या चाळीस रुग्णांपैकी किती त्याच्या लक्षात राहतील, याचा विचार अध्यापक म्हणून आपण करायला हवा. शिक्षणाच्या नावाने ज्या जागरणाचे समर्थन होते, ते शिक्षणालाच मारक ठरते.

आता ड्युटी रूमविषयी. ती पाहिल्याशिवाय या विषयावर बैठक घेऊ नये, अशी माझी अधिष्ठातांना विनंती आहे. वॉर्डाच्या टोकाला एक खोली, तिच्यात लोखंडी खाट आणि त्यावर रेक्झिन फाटलेली गादी, दुसऱ्या खाटेवर जुन्या केस पेपरचे गठ्ठे आणि सलाइनची खोकी, डोक्यावर अशी ट्यूबलाइट की जिचे बटण बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे, आणि कडी नीट न लागणारे दार. चार जणांत ही एक खोली. पुरुष आणि स्त्री डॉक्टरांसाठी वेगळी व्यवस्था सगळीकडे नाही. ज्यांना हीसुद्धा मिळत नाही ते ओपीडीच्या तपासणी टेबलावर, सेमिनार हॉलमध्ये किंवा वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर आडवे होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रीच्या ड्युटीवरची पदव्युत्तर विद्यार्थिनी विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती आणि तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी वेगळे राष्ट्रीय कृती दल नेमताना डॉक्टरांना विश्रांतीसाठी पुरेशी आणि स्वतंत्र जागा नसते, याचाही उल्लेख केला. आतून कडी लागणारे दार, स्वतंत्र स्वच्छतागृह, अंधार करता येणारी खिडकी, स्वच्छ चादर आणि चालणारा पंखा यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अंदाजपत्रक पाठवताना या खोल्यांना दुरुस्तीच्या यादीत शेवटचा क्रमांक मिळू नये, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. वसतिगृहांच्या अपुऱ्या खोल्यांचा प्रश्न मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना वर्षानुवर्षे मांडत आली आहे. पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी मोकळे केले, पण खोलीत तीन जण वेगवेगळ्या वेळापत्रकाचे असतील, तर त्या सुट्टीत झोप मिळणार नाही. म्हणून तो प्रश्नही याच प्रश्नाचा भाग समजावा.

नवी पदे निर्माण होण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. इमर्जन्सीनंतरच्या दिवशी दुपारी बारानंतर त्या डॉक्टरचे नाव कोणत्याही ओपीडीत, शस्त्रक्रियेच्या यादीत किंवा सेमिनारमध्ये असू नये, हा आदेश अधिष्ठाता उद्या काढू शकतात. इमर्जन्सीच्या रात्री मध्यरात्रीनंतर दोन-दोन तासांच्या आळीपाळीने प्रत्येकाला झोपायला पाठवावे आणि त्या वेळेपुरता त्याचा ड्युटीचा फोन सहकाऱ्याकडे द्यावा. वीस-तीस मिनिटांची डुलकीही सावधपणा वाढवते, मात्र गाढ झोपेतून उठवलेल्या डॉक्टरला महत्त्वाचा निर्णय घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात, हे वरिष्ठांना ठाऊक असावे. रात्रपाळ्या असलेल्या विभागांत पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा क्रम ठेवावा, कारण शरीराच्या घड्याळाला उशिरा झोपणे हे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. एक रात्र ड्युटी, एक दिवस ड्युटी, पुन्हा रात्र, अशी तुकड्यातुकड्यांची लिस्ट बनवू नये. रात्री मेस बंद असते म्हणून चहा आणि वडापाव यांवर काढलेली रात्र अधिक जड जाते. रात्री बारापर्यंत गरम जेवण मिळण्याची सोय करावी. थकलेल्या डॉक्टरला दूरवरच्या खोलीवर सोडण्यासाठी रुग्णालयाचे वाहन मागता यावे.

झोप कशी सांभाळावी हे शिक्षणही आपण देत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात यासाठी एक तास ठेवावा. रात्रपाळीआधी दुपारी दीड तास झोपून यावे. कॅफीनचा प्रभाव शरीरात अर्धा होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणून पहाटे चारला घेतलेली कडक कॉफी सकाळी नऊची झोप बिघडवते. सकाळी घरी जाताना गडद चष्मा लावावा आणि खोलीत पूर्ण अंधार करावा. सुट्टीच्या दिवशी दुपारभर झोपून न राहता रात्री लवकर झोपावे, या साध्या गोष्टी कितीतरी जणांना माहीत नसतात. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या स्वतःच्या हाताने सुरू करणे किती धोक्याचे आहे, हे मी भूलतज्ज्ञ म्हणून विशेष जोर देऊन सांगते, कारण आमच्या शाखेत याहून तीव्र औषधेही कपाटात हाताशी असतात. महिन्याहून जास्त काळ झोप लागत नसेल, किंवा घोरणे आणि दिवसा डुलक्या येणे असेल, तर मानसोपचार किंवा छातीविकार विभागात मोफत आणि गोपनीय सल्ला मिळावा, आणि त्याची नोंद विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात कुठेही येऊ नये. परंतु हा तास प्रशासनाने स्वतःच्या जबाबदारीऐवजी देऊ नये. ज्याला झोपायला चारच तास मिळतात, त्याला झोपेची पथ्ये सांगून त्याची झोप वाढत नाही.

निधी लागतो तिथे तो मागण्यावाचून इलाज नाही. प्रत्येक वॉर्डात रक्त घेणारा तंत्रज्ञ, संगणकावर नोंदी करणारा लिपिक आणि रात्री किमान दोन कक्षसेवक मिळाले, तर निवासी डॉक्टरचे कित्येक तास मोकळे होतील; माझ्या मते या मागणीला नव्या डॉक्टरांच्या पदांपेक्षाही आधीचे स्थान द्यावे. वरिष्ठ निवासी डॉक्टरांची मंजूर पण रिकामी पदे भरणे हे त्यानंतरचे काम. परिचारिकांविषयी इथे मी थोडक्यात लिहिते, पण त्यांचा प्रश्न दुय्यम नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवण्याच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्री एकटीकडे तीस-चाळीस रुग्ण असताना तिलाही बसायला मिळत नाही, आणि तिच्या थकव्याची तर कोणी चर्चाही करत नाही.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. अध्यापकांची हजेरी आज आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर नोंदवली जाते, आम्ही वेळेवर येतो की नाही हे दिल्लीतही कळते. निवासी डॉक्टर कामावर केव्हा आला आणि केव्हा बाहेर पडला याची नोंदही अशीच घेता येईल. ती शिक्षेसाठी किंवा विद्यावेतन कापण्यासाठी वापरली जाणार नाही, असे लेखी आश्वासन आधी द्यावे, अन्यथा मुले बाहेर पडल्याची खूण करून पुन्हा वॉर्डात जातील. सलग २४ तासांची मर्यादा किती वेळा ओलांडली गेली, कोणत्या युनिटमध्ये आणि कोणत्या कारणाने, हे प्रत्येक महाविद्यालयाने दर महिन्याला आयुक्त कार्यालयाला कळवावे आणि सूचना फलकावर लावावे. ज्या युनिटमध्ये आकडा जास्त असेल तिथल्या प्रमुखाला दोष देण्याआधी त्याच्याकडे माणसे किती आहेत ते पाहावे.

पदव्युत्तर प्रवेशाची पुढची तुकडी रुजू होण्यापूर्वी, प्रत्येक विभागाची प्रत्यक्ष ड्युटी लिस्ट, पोस्ट-इमर्जन्सीच्या दुपारची सुट्टी आणि हँडओव्हरची वेळ तिच्यावर छापून, अधिष्ठातांच्या सहीने लावली जावी, असा आदेश आयुक्त कार्यालयाने काढावा, ही विनंती. भूलशास्त्राच्या पाळ्यांचा नमुना तयार करून देण्यास मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत. विभागाने बोलावल्यास ड्युटीच्या वेळा सांभाळून आम्ही मुंबईला येऊ.

आपली विश्वासू,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील भूलशास्त्राची एक अध्यापिका